अ‍ॅब्लेशन आणि हृदयातली पिशवी बंद करणं, एकाच बैठकीत: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

मोठ्या शहरात जाऊन दोन्ही प्रक्रिया एकदम करून आलेले पेशंट माझ्या टेबलावर फाईल ठेवतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "डॉक्टर, झालं सगळं. आता रक्त पातळ करायची गोळी बंद ना?" काहींनी तर ती परतीच्या एसटीतच बंद केलेली असते.

बंद नाही. पुढचे दोन-तीन महिने तर अजिबात नाही. गोळीचा घोळ हा या प्रक्रियेतला सर्वांत मोठा घोळ आहे आणि त्याची सुरुवात ऑपरेशनच्या कितीतरी आधी होते. म्हणून सगळं क्रमाने मांडतो.

आधी दोन्ही कामं वेगळी करून घ्या. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. थरथरीमुळे तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की लकवा. झडपांचा मोठा आजार नसलेल्या पेशंटमध्ये या कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग नळीने निकामी करणं) ठोक्यांवरचा इलाज आहे, पिशवी बंद करणं गुठळीवरचा. जांघेतली शीर, भूल आणि कॅथलॅब (नळी घालून हृदयावर काम करायची खोली) दोन्हींना तीच लागते, म्हणून ती एका बैठकीत करतात. एकत्र करण्याचं कारण तेवढंच.

## १. दोन्ही लागणार आहेत का, हे वेगवेगळं विचारा

"पॅकेज" म्हणून निर्णय घेऊ नका. प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

अ‍ॅब्लेशन कशासाठी? धडधड, दम, थकवा हा त्रास असेल, औषधांनी भागत नसेल किंवा एएफमुळे हृदयाची ताकद कमी होत असेल, तर.

पिशवी कशासाठी बंद करायची? लकव्याचा धोका पुरेसा आहे आणि रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर घेणं अवघड आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर. लकव्याचा धोका मोजायला चॅड्स-व्हॅस्क गुण वापरतात. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, ६५ ते ७४ वय आणि स्त्री असणं यांना प्रत्येकी १ गुण. ७५ किंवा त्याहून जास्त वय आणि आधी झालेला लकवा यांना प्रत्येकी २. बीपी आणि शुगर असलेल्या ७२ वर्षांच्या आजींचे ४ गुण होतात. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्त्री असण्याचा गुण वगळला. त्या हिशेबाने ३. तरी धोका आहेच. उलट, पन्नाशीचा, बाकी ठणठणीत माणूस असेल आणि गुण शून्य असेल, तर पिशवी बंद करायचं कारणच उरत नाही, अ‍ॅब्लेशन कितीही गरजेचं असलं तरी.

गोळी अवघड असण्याची कारणं म्हणजे पोटातून वारंवार रक्तस्राव, मेंदूत पूर्वी झालेला रक्तस्राव, सारखं पडणं, गंभीर अ‍ॅनिमिया. "रोज गोळी घ्यायचा कंटाळा" हे त्याच तोलाचं कारण नाही. अमेरिकेच्या २०२३ च्या सूचनांनी आधीच्या गटाला पिशवी बंद करण्याचा पर्याय वाजवी मानला आहे. ज्यांना गोळी चालते पण नको आहे, त्यांच्याबाबतीत त्या बऱ्याच हात राखून बोलतात.

एकत्र करण्याबाबत सगळ्यात उपयोगी आकडे ऑप्शन नावाच्या अभ्यासातून आले, २०२४ च्या अखेरीस. त्यात अ‍ॅब्लेशन झालेले किंवा होणारे १,६०० पेशंट होते. अर्ध्यांची पिशवी बंद केली, अर्ध्यांना गोळी चालू ठेवली. ३६ महिन्यांत, प्रक्रियेशी संबंधित रक्तस्राव सोडून, दखल घ्यावी असा रक्तस्राव पिशवीच्या गटात ८.५ टक्क्यांना झाला, गोळीच्या गटात १८.१ टक्क्यांना. मृत्यू, लकवा वा गुठळी यांची बेरीज जवळपास सारखी निघाली: ५.३ आणि ५.८ टक्के. म्हणजे फायदा रक्तस्राव कमी होण्यात आहे. लकवा टाळण्यात या अभ्यासात पिशवी बंद करणं गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही, फक्त मागे पडलेलं नाही. पिशवी बंद केली की लकवा कधीच होणार नाही, असं कुणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या.

सावधान: लहानपणीच्या सांधेतापामुळे झडप अरुंद झालेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत. त्यांच्यात गुठळी पिशवीबाहेरही होते, आणि वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवावी लागते.

आणखी एक पेच: ज्याला रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चालत नाही, त्याला पिशवी बंद करण्याची गरज सर्वांत जास्त असते. पण एकत्र प्रक्रिया त्यालाच सर्वांत कमी झेपते, कारण अ‍ॅब्लेशननंतर दोन-तीन महिने गोळी घ्यावीच लागते. अशा वेळी नुसती पिशवी बंद करून ठोक्यांवर औषधं देणं शहाणपणाचं ठरू शकतं. हे तोंडाने विचारा: "अ‍ॅब्लेशननंतरचे तीन महिने याला गोळी झेपेल का?"

## २. फाईल पूर्ण करा

ईसीजी (एएफ पकडलेला मूळ कागद, फोटो नव्हे), होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), टूडी इको, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, थायरॉइड. शिवाय बऱ्याच ठिकाणी हृदयाचा सीटी करतात. त्यातून पिशवीचा आकार, तिच्या तोंडाचं माप आणि आत गुठळी आहे का, हे दिसतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सीटीच्या रंगद्रव्याआधी ते सांगा.

पिशवी प्रत्येकाची वेगळी. कुणाची वाऱ्यात फुगलेल्या मोज्यासारखी सरळ, कुणाची फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फाटे फुटलेली. पिशवीचं तोंड बंद करणारं वॉचमन एफएलएक्स हे उपकरण २० ते ३५ मिलिमीटर मापांत येतं, अ‍ॅम्युलेट १६ ते ३४. पिशवीच्या तोंडापेक्षा थोडं मोठं माप घेतात, म्हणजे ते दाबून बसतं. दोन्हींची चौकट निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल तर ते आधी सांगून ठेवा.

पैशांचं सरळ बोलतो. एस्टिमेट दोन ओळींत मागा, अ‍ॅब्लेशन वेगळं आणि उपकरण वेगळं. उपकरणाचीच किंमत लाखांत असते. विम्याच्या पूर्वमंजुरीत दोन्ही प्रक्रियांची नावं हवीत. एकाच प्रक्रियेची मंजुरी घेऊन दुसरी "आत ठरवू" असं झालं, तर डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर मुलाची धावपळ ठरलेली.

तपासा: सगळ्या औषधांची यादी फाईलच्या पहिल्या पानावर आहे का? काढे, गुडघ्यासाठीच्या गोळ्या, "ताकदीची" कॅप्सूल, सगळं. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या रक्त पातळ करायच्या गोळीसोबत घेतल्या तर रक्तस्राव वाढवतात, आणि आपल्याकडे त्या चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात.

## ३. आधीचे तीन आठवडे: एकही डोस चुकवू नका

"ऑपरेशन आहे म्हणून आठवडाभर आधी गोळी बंद केली." हे वाक्य मी मोजायचं सोडून दिलं आहे. हर्नियाच्या वेळी तसं सांगितलं होतं, म्हणून इथेही तेच. अ‍ॅब्लेशनचा नियम उलटा आहे. आधी निदान तीन आठवडे गोळी अखंड चालू हवी. प्रक्रियेच्या दिवशी ती चालू ठेवतात किंवा फार तर सकाळचा एक डोस पुढे ढकलतात, आणि तेही तुमच्या टीमने लिहून दिलं तरच.

औषधानुसार:

- अपिक्साबॅन दिवसातून दोनदा. सकाळची विसरली म्हणून रात्री दोन एकदम घेऊ नका.
- रिव्हरॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही. चतुर्थीच्या उपवासाला गोळी चहावर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.
- डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात घालायची नाही. अख्खी गिळायची.
- अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिनवर असाल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) दोन ते तीनच्या मध्ये हवा, एकदा नव्हे, दर आठवड्याला.

मधुमेहाच्या "ग्लिफ्लोझिन" गटाच्या गोळ्या (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढू शकतं. यातल्या काही गोळ्या हार्ट फेल्युअरसाठीही देतात, त्यामुळे "मला शुगर नाही" म्हणून दुर्लक्ष करू नका. मात्र थांबवायच्या त्या या गोळ्या. रक्त पातळ करायची नव्हे. दोन्ही एकाच डबीत ठेवणाऱ्यांकडून नेमकी अदलाबदल होते.

सावधान: डोस चुकला असेल तर लपवू नका. दोन डोस चुकले असं सांगितलं तर फार तर नीट तपासून घेतील किंवा तारीख पुढे जाईल. लपवलं तर गुठळी असलेल्या कप्प्यात नळी जाईल.

## ४. आत शिरण्याआधी गुठळी नाही याची खात्री

त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी अन्ननलिकेतून इको करतात, किंवा ताजा सीटी पाहतात. काही ठिकाणी शिरेतून नेलेल्या बारीक इको-नळीने आतून बघतात. कवळी काढून ठेवा. गिळायला त्रास होत असेल, पूर्वी अन्ननलिकेचा आजार झाला असेल, तर आधीच सांगा.

गुठळी दिसली तर प्रक्रिया होत नाही. गोळी बदलून किंवा मात्रा तपासून काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. रजा टाकून गावाहून आलेले नातेवाईक इथे चिडतात. चिडू नका, हा नकार म्हणजे त्या दिवशी झालेलं सर्वांत चांगलं काम असतं.

## ५. कॅथलॅबमधला क्रम

बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देतात. पेशंटला यातलं काही कळत नाही, पण नातेवाइकांनी क्रम समजून घेतला तर बाहेर येऊन डॉक्टर जे सांगतात त्याचा अर्थ लागतो.

१) जांघेतल्या शिरेतून नळ्या उजव्या कप्प्यात, मग मधला पातळ पडदा सुईने भेदून डाव्या कप्प्यात. ही जागा महत्त्वाची. पिशवीत सरळ शिरायला पडदा खालच्या आणि मागच्या बाजूला भेदलेला बरा पडतो. म्हणून दोन्ही प्रक्रिया करायच्या हे आधीच ठरलेलं असावं, ऐनवेळी नव्हे.

२) हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) देतात आणि रक्त गोठायला लागणारी वेळ ३०० सेकंदांच्या वर ठेवतात.

३) आधी अ‍ॅब्लेशन. फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाभोवतीचा भाग उष्णतेने, थंडीने किंवा नव्या पल्स्ड फील्ड पद्धतीत विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी निकामी करतात.

४) मग पिशवीचं माप पुन्हा घेतात. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाची पिशवी आकसलेली असते आणि माप लहान येतं, म्हणून आधी सलाईन देऊन कप्प्यातला दाब १०-१२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर नेतात.

५) उपकरण उघडतात आणि सोडण्याआधी चार गोष्टी बघतात: जागा बरोबर आहे का, हलकं ओढल्यावर घट्ट राहतं का, पुरेसं दाबलं गेलं का, कडेने गळती आहे का. चारही जुळल्या तरच तारेपासून सुटं करतात. तोवर ते परत आत ओढून काढता येतं.

अ‍ॅब्लेशन आधी का? डाव्या शिरा आणि पिशवी यांच्यामध्ये जेमतेम एक बांध असतो. पिशवीत उपकरण बसवल्यावर त्या बांधावर काम करणं अडचणीचं, आणि नळीचा धक्का लागून नुकतंच बसवलेलं उपकरण सरकण्याची भीती. याला दुसरी बाजू आहे. अ‍ॅब्लेशनने तो बांध सुजतो, पिशवीचं तोंड तात्पुरतं अरुंद दिसतं, आणि सूज उतरल्यावर कडेला फट पडू शकते. म्हणून काही अनुभवी टीम उलटा क्रमही घेतात. मला विचाराल तर क्रमापेक्षा "सूज धरून माप कसं घेणार?" हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

आधीच मान्य करून ठेवा: अ‍ॅब्लेशनदरम्यान हृदयाभोवती रक्त साचलं किंवा पिशवीचा आकार उपकरणाला जुळला नाही, तर दुसरा भाग त्या दिवशी करत नाहीत. ऑप्शन अभ्यासातल्या बऱ्याच पेशंटांची पिशवी अ‍ॅब्लेशननंतर तीन ते सहा महिन्यांनी, वेगळ्या बैठकीत बंद केली होती. "पैसे भरलेत, करूनच टाका" असं बाहेरून म्हणू नये.

## ६. पहिली रात्र आणि पहिला आठवडा

चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणं झोपायचं. जांघेत आठच्या आकड्यासारखा टाका घातलेला असू शकतो. तो घरी जाण्याआधी काढलाय का, विचारा. आठ दिवसांनी तोच टाका घेऊन माझ्याकडे आलेले लोक आहेत.

अ‍ॅब्लेशनच्या काही नळ्यांमधून सतत सलाईन वाहतं, कधी लिटरभराच्या वर. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांना त्या रात्री दम लागू शकतो. नर्सला लगेच सांगा. लघवीच्या एका इंजेक्शनवर भागतं.

डिस्चार्जआधी साधा इको: हृदयाभोवती पाणी नाही आणि उपकरण जागेवर आहे, हे कागदावर लिहून घ्या.

घरी आल्यावर आठवडाभर पाच किलोपेक्षा जास्त वजन नको. भरलेली बादली, गॅसची टाकी, नातू, तिन्ही यात आले. भारतीय पद्धतीचा संडास, मांडी घालून बसणं, गाडीला किक मारणं टाळा. जांघेत काळंनिळं होणं चालतं. लिंबाएवढी गाठ, वाढती सूज किंवा वाहतं रक्त चालत नाही: तिथे बोटांनी घट्ट दाब देऊन झोपवा आणि दवाखाना गाठा.

## ७. गोळीची दोन घड्याळं

सगळा गोंधळ होतो तो इथे.

पहिलं घड्याळ अ‍ॅब्लेशनचं. आतला भाजलेला थर भरून येईपर्यंत तिथे गुठळी धरू शकते. युरोपच्या सूचना निदान दोन महिने, अमेरिकेच्या तीन महिने गोळी सांगतात, ठोके कितीही सुरेख असले तरी.

दुसरं घड्याळ उपकरणाचं. त्यावर शरीराचा स्वतःचा थर चढेपर्यंत ते परकं असतं. नुसती पिशवी बंद केली असेल तर एक रूढ पद्धत अशी: ४५ दिवस रक्त पातळ करायची गोळी, सोबत बहुधा अ‍ॅस्पिरिन, मग तपासणी, मग अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सहा महिन्यांपर्यंत, पुढे एकटी अ‍ॅस्पिरिन.

दोन्ही एकत्र केलं की ज्या घड्याळाचा काटा लांब, ते चालतं. इंटरनेटवर "४५ दिवस" वाचून अ‍ॅब्लेशनवाल्यांनी गोळी सोडू नये. ऑप्शन अभ्यासात उपकरणाच्या गटाला ९० दिवस गोळी आणि अ‍ॅस्पिरिन, नंतर वर्षापर्यंत अ‍ॅस्पिरिन दिली होती. तुमचा आराखडा रक्तस्रावाच्या धोक्यानुसार वेगळा असेल. तो तारखांसकट लिहून घ्या: कोणती गोळी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या रिपोर्टनंतर बंद.

नेहमीच्या चुका:

- दुप्पट गोळी. जुनी पट्टी एका कंपनीची, डिस्चार्जची दुसऱ्या. नावं वेगळी, औषध एकच. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा किंवा केमिस्टला दाखवा.
- अ‍ॅस्पिरिनला "रक्त पातळ करायची गोळी" समजणं. घरात दोन्हींना तेच नाव असतं. पहिल्या तीन महिन्यांत "एक बंद केली तरी दुसरी चालू आहे" हा हिशेब चुकतो.
- दाताच्या किंवा मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी थांबवली. त्यांना उपकरणाची कल्पना नसते. हृदयाच्या टीमला फोन झाल्याशिवाय थांबवायची नाही. दाताचं काम सहा महिने पुढे ढकलता आलं तर उत्तम, नाहीतर आधी अँटिबायोटिक लागेल का ते विचारा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधूनमधून धडधड होईल. ती बरं होण्याच्या काळातली असते, अ‍ॅब्लेशन फसलं असा अर्थ त्यातून काढायचा नाही. ईसीजी काढून ठेवा, ठोक्यांची औषधं आपल्या मनाने सोडू नका.

## ८. तपासणीची तारीख

साधारण दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा अन्ननलिकेतून इको किंवा सीटी. "मला काही त्रास नाही, परत ती नळी कशाला?" हा सर्वांत लोकप्रिय नकार. पण फट किंवा उपकरणावरची गुठळी आधी त्रास देत नाही. जेव्हा देते तेव्हा लकवाच देते. शंभरात तीन-चार जणांच्या उपकरणावर गुठळी सापडते, आणि त्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते.

रिपोर्टमध्ये तीन ओळी शोधा: उपकरण जागेवर आहे का, त्यावर गुठळी आहे का, कडेने गळती किती मिलिमीटर. पाचच्या वरची गळती ठळक मानतात आणि गोळी चालू राहते. त्याहून कमी असली तरी शून्य समजू नका, पुढची तपासणी ठरवा. हा रिपोर्ट हातात नसताना गोळी बंद करायची नाही, मीही करत नाही.

## ९. लगेच निघायचं कधी

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, अचानक दिसेनासं झालं: १०८. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तास. रक्त पातळ करायच्या गोळीचा शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे नेताना सांगा.

छातीत दुखून घाम, चक्कर, बीपी पडणं, विशेषतः पहिल्या काही दिवसांत: हृदयाभोवती रक्त साचलं असू शकतं. लगेच इको.

काळी, डांबरासारखी शौच: त्याच दिवशी दाखवा. गोळी आपली आपण बंद करून वाट बघू नका.

एक ते आठ आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, त्यासोबत छातीत दुखणं किंवा लकव्यासारखं काही: हे दुर्मिळ आहे, पण गावात चुकतं ते इथेच. उष्णतेने केलेल्या अ‍ॅब्लेशनमध्ये हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा होऊन दोन्हींमध्ये छिद्र पडू शकतं. ताप म्हणून टायफॉइडची तपासणी होते, गिळायला दुखतं म्हणून एंडोस्कोपी. एंडोस्कोपीत हवा भरतात आणि ती थेट हृदयातून मेंदूत जाऊ शकते. "माझं अ‍ॅब्लेशन झालंय, एंडोस्कोपी करू नका, आधी छातीचा सीटी करा," हे वाक्य घरातल्या एकाला तरी पाठ हवं.

उपकरणाचं कार्ड मिळतं. त्यावर नाव, माप आणि तारीख असते. एमआरआय करायची वेळ आली की तेच दाखवायचं. मूळ कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो, गोळीच्या तारखांच्या कागदासकट, घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.